आठ डॉलरवाले

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टी चुकत नाहीत. एक म्हणजे भारतातून परत येताना विमानतळावर बॅगेच्या वजनावरून होणारी शोभा, आणि दुसरी म्हणजे कुठल्या ना कुठल्या पुरस्कार-समारंभाला लावावी लागणारी हजेरी. पहिलीत निदान चकल्या तरी वाचतात.

न्यू जर्सीत राहून गेल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत मी असे किती समारंभ पाहिले त्याची गणती नाही. हॉल तोच, पनीर तेच, निवेदिकेच्या तोंडी 'आनंद होत आहे' हा आनंदही तोच. गौरवमूर्ती फक्त बदलतात. आणि खरं सांगायचं तर त्यादेखील फारशा बदलत नाहीत, कारण भाषण एकच असतं. ते सुरू होतं या वाक्याने : "मी या देशात उतरलो तेव्हा माझ्या खिशात फक्त आठ डॉलर होते." इथे टाळ्या पडतात. मग त्या आठ डॉलरची पुढे कंपनी होते, कंपनीचा बंगला होतो, बंगल्याला पोहण्याचा तलाव होतो आणि गुलाबजाम येतात.

आता या आठ डॉलरचं रहस्य माझ्या पिढीला ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही. १९६० नि ७० च्या दशकांत आपल्याकडे परदेशी चलनाची एवढी चणचण होती की परदेशी निघालेल्या माणसाला सरकार जेमतेम आठ डॉलर बरोबर नेऊ द्यायचं. म्हणजे खिशात आठ डॉलर असणं हा पराक्रम नव्हता, नियम होता. ज्यांच्या पुढे कंपन्या झाल्या ते आठ डॉलर घेऊन उतरले, आणि ज्यांचं पुढे काहीच झालं नाही तेही आठच घेऊन उतरले. त्यांना फक्त कोणी भाषणाला बोलावलं नाही. मी आलो १९८८ साली. तोवर सरकारचा हात जरा सैल झाला होता आणि माझ्या खिशात पाचशे डॉलर होते. त्यामुळे माझा पुरस्कार तिथेच हुकला.

तर गेल्या वर्षी इकडच्या एका मंडळाच्या सेक्रेटरीचा मला फोन आला. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण अजून दिवाळीचा फराळ तिथूनच मागवायचा आहे. सेक्रेटरी तरुण, हुशार, माझ्या मुलाच्या वयाचा.

"काका, यंदा समाजकार्यासाठी जीवनगौरव ठेवलाय. नामांकनं मागवतोय. तुम्ही जुने आहात. एखादं नाव सुचवा ना."

'जुने आहात' हे मी कौतुक समजलो. फोन ठेवला तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, सुचवायचं काय त्यात? काकूंचं द्या."

आमच्या घरात काही ठराव चर्चेविना संमत होतात. हा त्यातला.

काकूंना नाव आहे, आडनावही आहे, पण गेल्या पन्नास वर्षांत ते बहुधा फक्त इन्कमटॅक्सवाल्यांनी वापरलं असावं. बाकी साऱ्या परिसराला त्या काकू. वय एक्याऐंशी. १९७२ साली काकांबरोबर आल्या. काका जाऊन बारा वर्षं झाली, पण पत्ता तोच, फोन नंबर तोच. तो नंबर मला मुंबईत असताना कोणीतरी चिठ्ठीवर लिहून दिला होता. 'काही अडलं तर' एवढंच वर लिहिलेलं. मला ते केनेडी विमानतळावर उतरल्याबरोबरच अडलं, कारण ज्या मित्राने न्यायला यायचं कबूल केलं होतं तो तारखेत चुकला होता. पब्लिक फोनवरून नंबर फिरवला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "आहेस तिथेच उभा राहा. बाहेर जाऊ नकोस, थंडी आहे. अंगात काय घातलंयस?" मी म्हटलं, "स्वेटर." त्या म्हणाल्या, "आईने विणलेला ना? मग तो काही उपयोगाचा नाही."

दीड तासाने त्या आल्या, आणि हातावर एक तपकिरी कोट टाकला. काकूंच्या तळघरात एक जुनी पत्र्याची ट्रंक होती, तीत असे पाच-सहा कोट. नव्याने आलेल्याने घालायचा, पहिला पगार झाला की स्वतःचा घ्यायचा आणि हा धुऊन परत आणून द्यायचा. तो तपकिरी कोट माझ्याआधी किती जणांनी घातला होता देव जाणे; खिशात मला पुण्याच्या पीएमटीचं तिकीट सापडलं होतं. मी पुण्याचा नाही. पुढे मंडळाच्या गणपतीत एकदा काही जणांत सहज विषय निघाला, तेव्हा कळलं की तिथे उभे असलेले आम्ही चौघे त्या एका कोटातून अमेरिकेत आलो होतो. एक हृदयाचा डॉक्टर होता, एक टॅक्सी चालवायचा.

तर नामांकन. सेक्रेटरीने अर्ज पाठवला. सरकारी अर्जांची आपल्याला लहानपणापासून सवय. पण हा अर्ज पाहून आपल्या तहसील कचेरीचा मला प्रथमच जिव्हाळा वाटला. पहिलाच रकाना : 'सध्याचे पद'.

मी अडखळलो. पद? काकूंना पद नाही. काकांच्या नोकरीवर घर चाललं. काकूंनी दोन मुलं वाढवली, आणि दर रविवारी तळघरात मराठीची शाळा चालवली. तिथे शिकवायला ज्या यायच्या त्यांनाही पद नव्हतं. इथे नोकरीच्या व्हिसावर नवरा येतो आणि बायको येते ती त्याची आश्रित म्हणून, एच-४ व्हिसावर. तिला नोकरी करायला कायद्याने बंदी. २०१५ साली त्यातल्या काहींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीनकार्ड एका ठरावीक टप्प्याला पोचलं होतं अशांना, काम करायची परवानगी मिळाली. तोवर सगळ्या घरात. इंजिनियर झालेल्या, डॉक्टर झालेल्या बायका खिडकीतून बर्फ बघत बसायच्या. काकू एकेकीला फोन करायच्या, "रविवारी येतेस का? तुला गाडी शिकवते, तू मुलांना बाराखडी शिकव." अशा निदान दहा-बारा जणी तरी मला माहीत आहेत. तेव्हा ज्या बाईला पद घ्यायला कायद्यानेच मनाई होती तिने 'सध्याचे पद' या रकान्यात लिहायचं काय? मी लिहिलं, 'काकू.'

दुसरा रकाना : 'संस्थेची वार्षिक उलाढाल'. तिसरा : 'कार्य करतानाचे सुस्पष्ट छायाचित्र'. छायाचित्रासाठी मी आणि बायकोने चार अल्बम उपसले. डोहाळजेवणं, मुंजी, कोजागिरी, सगळे फोटो तपासले. काकू प्रत्येक प्रसंगाला होत्या. फोटोत मात्र फक्त त्यांचा हात होता. डाव्या बाजूने आत आलेला, डाव धरलेला, कोणाच्या तरी पानात आमटी वाढणारा. चेहरा एकाही फोटोत नाही. मी सेक्रेटरीला तसा फोटो पाठवला.

"काका, हात चालणार नाही."

"अरे, त्या हाताचाच सत्कार करायचाय!"

"हो, पण स्क्रीनवर दाखवायला चेहरा लागतो."

चौथ्या रकान्यात तर 'नामांकित व्यक्तीची संमती व सही' हवी होती. गेलो काकूंकडे. त्या शेंगा सोलत होत्या. मी प्रास्ताविक केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सही कसली रे? आणि मी केलंय काय? आला-गेला त्याला भात टाकला."

"काकू, पण समारंभ मोठा आहे. दोन मेला. शनिवारी."

"शनिवार? छे. शनिवारी मला नेवार्कला जायचंय. ह्यांच्या मावसभावाच्या साडूचा नातू यायचाय. त्याला न्यायला कोण जाणार? आता रात्रीची गाडी चालवत नाही मी, म्हणून शेजारचा मुलगा नेणार आहे, पण मला जायला हवं. पोराला ओळखीचं तोंड दिसायला हवं."

"त्या पोराने तुम्हाला कधी पाहिलंय?"

"नाही. पण लुगड्यातली म्हातारी दिसली की ओळखतात."

सही मात्र त्यांनी दिली. मला वाटतं मला लवकर घालवून शेंगा संपवायच्या होत्या.

पाचवा रकाना होता 'प्रभाव'. पाचशे शब्दांत. इथे मी रात्री जेवण झाल्यावर लिहायला बसलो आणि जे लिहिलं ते पाचशे शब्दांत बसलं नाही.

१९९६ च्या जानेवारीत माझे आईवडील आमच्याकडे आले होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर. सात तारखेला बर्फ पडायला लागलं ते आठ तारखेलाही पडत राहिलं. नेवार्कला दोन फुटांच्या वर पडलं. राज्यात आणीबाणी, रस्ते बंद, विमानतळ बंद. आठ तारखेच्या पहाटे वडील झोपेतच गेले. रुग्णवाहिका आली ती बर्फ लोटणाऱ्या गाडीच्या मागून आली. वडिलांना घेऊन गेले आणि घरात आम्ही तिघं उरलो. आई एकच वाक्य बोलत होती, "त्यांना मिरजेला न्या."

मी इंजिनियर. पूल बांधलेले. पण माणूस मिरजेला कसा न्यायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं. काकूंना फोन लावला. त्यांनी "अरेरे" म्हणण्यात वेळ घालवला नाही. म्हणाल्या, "कागद घे. लिही." मृत्यूचा दाखला, आणि त्याच्या चार प्रती; एम्बामिंगचा दाखला; संसर्गजन्य रोग नव्हता असं पत्र; पासपोर्ट, तो न्यूयॉर्कला भारतीय वकिलातीत नेऊन रद्द करून घ्यायचा आणि त्यांचं ना-हरकत पत्र घ्यायचं; मग एअरलाइनच्या कार्गोकडे नोंदणी. "कार्गो म्हणतील. आईला तो शब्द ऐकू देऊ नकोस." अंत्यविधी करणाऱ्या एका गोऱ्या गृहस्थांचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. तो त्यांना नावाने ओळखायचा.

तिसऱ्या दिवशी रस्ता जरा उघडल्यावर त्या स्वतः आल्या. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसते, शेजारपाजारचे पिठलं-भात आणतात. आमच्या शेजारी एक पोलिश म्हातारा होता, तो चांगला होता, पण त्याला पिठलं कुठून माहीत असणार? काकूंनी पंधरा मैलांवरून आणलं. डबा उघडल्यावर आई तीन दिवसांत पहिल्यांदा रडली.

हे मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीचा फोन.

"काका, वाचलं. खूप टचिंग आहे. पण थोडं पर्सनल होतंय. समितीला आकडा लागतो. म्हणजे अशा प्रकारे किती केसेसमध्ये काकूंनी मदत केली, साधारण?"

मला राग आला. या वयात डॉक्टरने मना केलेला राग. पण मुलगा वाईट नव्हता, अर्ज तसा होता. म्हणून मी तो गिळला आणि काकूंनाच विचारलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मोजतात का रे ते?"

माझं या पुरस्कारांशी भांडण आहे ते इथे. ज्याने कंपनी काढली त्याचा मला मत्सर नाही. (थोडा आहे. तलावाचा आहे.) पण त्याला त्याच्या कामाचं बक्षीस मिळालेलं आहे. बाजाराने दिलंय, बँकेने दिलंय, त्याच्या धंद्याच्या संघटनेने तर काचेचा मनोरा दिलाय. अमेरिका या बाबतीत उधारी ठेवत नाही. मग तेच बक्षीस आपण पुन्हा एकदा, शाल गुंडाळून, का द्यायचं? आपल्या मंडळाने तरी ते काम मोजावं ना, जे या देशात दुसरं कोणीच मोजणार नाही! तुम्ही म्हणाल, देणगीदारांवाचून मंडळ कसं चालणार? बरोबर आहे. त्यांचा सत्कार जरूर करा, त्यांना हारावर हार घाला, पण त्याला 'देणगीदारांचा सत्कार' म्हणा. जेवणाचं दहा खुर्च्यांचं टेबल विकत घेणाऱ्याला 'समाजसेवक' म्हणू नका. तेवढ्याने मराठी भाषेची तरी सेवा होईल.

आणखी एक युक्तिवाद असतो : नव्या पिढीपुढे आदर्श हवेत. अहो, नव्या पिढीला श्रीमंत होण्याचे आदर्श कमी पडलेत असं कोणी सांगितलं? त्यांना ते टीव्हीवर दिसतात, शाळेत दिसतात, गॅरेजमध्ये दिसतात. रात्री दोन वाजता बाप गेला तर कोणाला फोन करायचा, हे मात्र त्यांना माहीत नाही.

मी सेक्रेटरीला एक उदाहरण दिलं. आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर रोझेल नावाचं गाव आहे. १८८० च्या सुमाराला तिथे मिसेस थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई राहत. एकदा त्या दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या असताना समोरचं मिशनरी मासिक चाळत होत्या. त्यात हिंदुस्थानातल्या कुणा गोपाळराव जोशी यांचं पत्र छापलेलं होतं : बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का? मासिकाच्या पाद्रीबुवांनी त्याला उत्तरादाखल ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला होता. कार्पेंटरबाईंनी सल्ला दिला नाही. त्यांनी घरी येऊन त्या बायकोला पत्र लिहिलं. १८८३ साली अठरा वर्षांची आनंदीबाई न्यूयॉर्कला बोटीतून उतरली ती याच बाईंच्या घरी राहायला गेली. त्यांना ती मावशी म्हणायची. १८८६ साली फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली, परत गेली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला वारली; बावीसही पुरी नव्हती. गोपाळरावांनी तिची रक्षा कोणाकडे पाठवली? मावशीकडे. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी नावाच्या गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे. माझे वडील इथून मिरजेला गेले आणि ती पुण्याहून इथे आली. दोन्हीकडे मध्ये कोणीतरी काकू किंवा मावशी उभी होती.

"आता भर बरं हिचा अर्ज," मी सेक्रेटरीला म्हटलं. "पद : गृहिणी. उलाढाल : नाही. कार्य : दाताच्या डॉक्टरकडे बसून मासिक वाचलं. लाभार्थी : एक."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, एक लाभार्थी असेल तर सिस्टिम अर्ज पुढेच जाऊ देत नाही. कमीत कमी शंभर टाकावे लागतात."

खोटं कशाला बोलू, मी शंभर टाकले. अर्ज पुढे गेला. पण शेवटी अट होती : 'नामांकित व्यक्तीविरुद्ध कधीही गुन्हा शाबीत झालेला नसावा.' काकूंचा तसा काही प्रश्न नव्हता, पण मला गंमत वाटली. भारत सरकार २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस करतं, तो ९ जानेवारीला. का? तर १९१५ साली त्या तारखेला गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परत येऊन मुंबईला उतरले. परदेशस्थांचा सर्वांत मोठा सन्मान ज्या माणसाच्या आठवणीत देतात, तो माणूस तिकडे तुरुंगात जाऊन आलेला, वकिली सोडलेला, मिळवलेलं वाटून टाकलेला. आमच्या मंडळाच्या अर्जात तो पहिल्या फेरीत बाद झाला असता. उलाढालीच्या रकान्यात तर त्याने आश्रमातल्या शेळीचा हिशेब लिहिला असता. (शेळी नंतरची, हे मला माहीत आहे. पत्रं पाठवू नयेत.)

निकाल काय लागला ते तुम्ही ओळखलंच असेल. पुरस्कार एका वयस्कर उद्योजकांना मिळाला. गृहस्थ सालस. मंडळाच्या हॉलचं छप्पर त्यांनी स्वखर्चाने करून दिलेलं. समारंभाला मी गेलो, कारण बायकोने तिकिटं आधीच काढली होती. भाषण सुरू झालं. "मी १९६९ साली या देशात उतरलो तेव्हा माझ्या खिशात—"

आमच्या टेबलावरच्या आठही जणांनी ओठ हलवून वाक्य पुरं केलं.

जेवणाच्या रांगेत ते नेमके माझ्यापुढे आले. मी अभिनंदन केलं, ते मनापासून केलं. मग राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, एक विचारू का? त्या दिवशी, आठ डॉलरच्या, तुम्हाला विमानतळावर न्यायला कोण आलं होतं?"

ते हसले. बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. हातातली प्लेट तशीच राहिली. मागची रांग खोळंबली.

"आलं होतं," ते म्हणाले. "एक बाई होत्या. त्यांचे मिस्टर गाडी चालवत होते. गाडीचा हीटर बिघडलेला होता... काय बरं त्यांचं नाव? अहो, चार दिवस राहिलो मी त्यांच्याकडे." त्यांनी कपाळाला हात लावला. "साखरेच्या पोळ्या होत्या डब्यात. मागच्या सीटवर बसून खाल्ल्या. त्या आठवतात बघा." मग आजूबाजूला बघत, जरा आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "इथल्या जुन्या लोकांपैकी कोणाला माहीत असेल का हो? कोणाला विचारावं?"

मी घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते. नेवार्कचं विमान उतरून गेलं असणार. मी त्यांना काकूंचा फोन नंबर लिहून दिला, आणि वर लिहिलं, 'अकरानंतर करा.'